सात महिने वापरलेला ट्रिमर आणि त्याचा न धरणारा खटका

लाकडाच्या कडा आणि खाचा मारायच्या ट्रिमरने फळीत ६ मिमी खोल खाच मारायची होती. फळीच्या या टोकाला ती ६ भरली, आणि दोन फुटांवरच्या त्या टोकाला साडेआठ. फळी १२ मिमीची. मागे साडेतीन मिमी लाकूड उरलं आणि पाठीची प्लाय बसवताना तेही चिरलं.

ती फळी मला परत मिळणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोलीतल्या आमच्या परसातला फणस मुळासकट आडवा झाला. तो चिरून आणला, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून माळ्यावर रचला आणि चार वर्षं वाळू दिला. मुलीच्या नव्या घरासाठी त्याचा देव्हारा करायचा होता. त्यातल्या सगळ्यात चांगल्या रेषांची बाजू या मशीनने खाल्ली. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मशीन म्हणजे नेहमीचा छोटा ट्रिमर, ६ मिमी कोलेटचा, म्हणजे बिट (कापणारं पातं) धरणाऱ्या पकडीचा. सनमायकाच्या कडा मारायला मिस्त्री लोक वापरतात तोच. ४,२०० रुपयांना घेतला. मोटरबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. सात महिन्यांत ती कधी दमली नाही, वायर लांब आहे, एका हातात नीट बसतो. स्पिंडलचं, म्हणजे बिट फिरवणाऱ्या अक्षाचं, लॉकही चोख आहे. बटण दाबून एकाच पान्याने बिट बदलता येतो. दुखणं आहे ते खोलीच्या लॉकचं.

त्याची रचना साधी आहे. मोटरचा नळकांड्यासारखा गोल भाग ॲल्युमिनियमच्या बेसमध्ये वर-खाली सरकतो. बेसला एका बाजूने उभी चीर असते. खटका दाबला की त्याचं टोक ती चीर आवळतं आणि बेस मोटरला घट्ट धरतो. शेजारी खोली बदलायची दातेरी चकती असते. बऱ्याच जणांना वाटतं की मोटर ते दाते धरून ठेवतात. तसं नाही. दाते फक्त सरकवतात, धरायचं काम एकट्या खटक्याचं. मिनिटाला तीस हजार फेऱ्यांचा थरथराट तो एक खटका अंगावर घेतो, आणि कंपनीने तोच प्लास्टिकचा दिला आहे!

पहिली खूण दुसऱ्या महिन्यातच दिसली होती. पाटाच्या कडा गोल मारताना कडेला बारीक पायरी उमटली. मला वाटलं हात हलला. पॉलिश पेपरने घासून टाकली आणि विसरलो. तेव्हाच थांबलो असतो तर फणस वाचला असता.

खाच बिघडल्यावर मशीन सर्व्हिस सेंटरला कोल्हापूरला पाठवलं. कुरिअरचे १८० रुपये माझे. सहा महिन्यांच्या वॉरंटीतले दोन महिने शिल्लक होते. आठ दिवसांनी फोन आला: बेस आणि खटका हे झिजणारे भाग, वॉरंटीत बसत नाहीत, नवीन बेसचे १,१५० रुपये होतील. मशीनच्या किमतीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त, तेही ज्याच्यावर सगळी अचूकता टेकलेली आहे त्या भागासाठी! झिजणारे भाग म्हणजे मोटरमधले कार्बन ब्रश, हे मला मान्य आहे. पण चार महिन्यांत खटका झिजत असेल तर तो झिजणारा नव्हे, कच्चा आहे. मी पैसे भरले नाहीत. मशीन आलं तसंच परत मागवलं आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

इथपर्यंत सगळा दोष कंपनीचाच, असं माझं ठाम मत होतं. ते मला थोडं बदलावं लागलं.

आमच्या आळीत फर्निचरचं काम चालू होतं. तिथल्या मिस्त्रींना मशीन दाखवलं. त्यांनी मोटर बेसमधून बाहेर काढली, अंगठा फिरवला आणि विचारलं, "काका, ह्याला तेल कोणी लावलं?" मीच लावलं होतं. कोकणातला पावसाळा, परसात सगळ्याला बुरा धरतो. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली म्हणून मी प्रेमाने पुसून तेलाचा हात दिला होता. जिथे घर्षणावर सगळं टिकतं तिथेच मी ते काढून घेतलं. वर फणसाचा पिवळा भुस्सा बसून आत मेण लावल्यासारखा थर झाला होता.

त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली ती खटक्याच्या पलीकडच्या बाजूचा नट. मी त्याला शोभेचा समजत होतो. खटका किती जोरात आवळेल ते तो नट ठरवतो, आणि माझा थरथराटाने सैल झाला होता. आतून-बाहेरून स्पिरिटने पुसलं, नट पाव फेरा आवळला, मशीन जागेवर धरलं. याचा साधा उल्लेखही माहितीपत्रकात नाही. सर्व्हिस सेंटरने आठ दिवस मशीन ठेवून हा नट फिरवून पाहिला नाही, याचा राग मला आजही आहे.

तीन आठवडे समाधानात गेले. मग पुन्हा घसरण. या वेळी तेल नव्हतं, नटही घट्ट होता. खटका सोडवून पाहिला तर बेसवर दाब देणाऱ्या त्याच्या गोल टोकावर खड्डा पडलेला. प्लास्टिक दाबाखाली बसलं होतं. म्हणजे तेलाची चूक माझी आणि खटक्याची त्यांची, असा माझा आजचा हिशोब आहे. तक्रारीनंतर कंपनीने नवीन खटका फुकट पाठवला, ही नोंद प्रामाणिकपणे करतो. पण तोही प्लास्टिकचाच. तो पाकिटातच आहे.

त्याच्या जागी मी एम-६ चा बोल्ट, दोन वॉशर आणि लॉक नट घातला. खर्च १४ रुपये. आता खोली बदलताना १० नंबरचा पाना घ्यावा लागतो, दर वेळी अर्धं मिनिट जातं, पण मोटर हलत नाही. एक सांभाळा: बोल्टने आवळताना जोर लावू नका. एका फेऱ्यात चीर एक मिमी मिटते, आणि ओतीव ॲल्युमिनियम न वाकता तडकतं. मोटर हाताने फिरेनाशी झाली की तिथून जेमतेम पाव फेरा, बस्स.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. ती खाच मी पिळाच्या बिटने मारली होती, भुस्सा वर फेकणाऱ्या. असा बिट भुस्सा वर फेकताना स्वतःला लाकडात खाली ओढतो. लॉक ढिलं असेल तर खोली वाढतच जाते, माझी साडेआठ झाली ती अशी. आता खाचेला सरळ पात्याचा बिट लावतो आणि एका वेळी २ मिमीच काढतो. ६ मिमीला तीन फेऱ्या. बिटचा दांडाही तपासून घ्या. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, आणि पाव इंचाच्या कोलेटमध्ये ६ मिमीचा दांडा कितीही आवळला तरी पक्का बसत नाही. तेव्हा खोली बदलतेच, शिवाय बिट निसटून अंगावर येऊ शकतो.

घ्यावा का? मोटरसाठी हो, पण दुकानात खटका हातात धरून बघा. धातूचा असेल तर दोन-चारशे जास्त द्या. प्लास्टिकचा असेल तर खटका लावून बेस एका हातात आणि मोटर दुसऱ्या हातात धरून पिळून पाहा. तिथेच फिरली तर ठेवून द्या. मला कोणी हे सांगितलं नव्हतं.

देव्हाऱ्याची ती बाजू दुसऱ्या फळीतून केली. तिच्यात एक गाठ आहे, डाव्या हाताला, समईच्या उंचीवर. मोटर आणि बेस यांच्यावरून मी पेन्सिलची एक आडवी रेघ मारून ठेवली आहे. शेवटची खाच संपली तेव्हा ती तुटलेली नव्हती, आणि खोली मोजायचा कॅलिपर दोन्ही टोकांना ६ दाखवत होता.