सीव्हमधलं ‘रिजेक्ट’ आठ महिने वापरलं. स्पॅमसाठी ते लावू नका

लातुरात आमच्या काकांची डाळमिल आहे. मिलचं ईमेल मी सांभाळतो. भाड्याचा एक छोटा सर्व्हर, त्यावर टपाल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स आणि ते पेट्यांत ठेवायला डव्हकॉट, स्पॅमच्या छाननीला स्पॅमअसॅसिन, आणि आलेल्या टपालाचे नियम लिहायला डव्हकॉटच्या जोडीचं पिजनहोल, म्हणजे सीव्ह. सगळं मुक्त सॉफ्टवेअर, आणि त्या सगळ्यावर माझा जीव आहे. हा अनुभव सीव्हमधल्या एकाच सोयीचा, ‘रिजेक्ट’चा, म्हणजे नको ते टपाल नकार कळवून परत धाडण्याचा. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत मी ती लावली आणि फेब्रुवारीत, तुरीची आवक जोरात असताना, एका रात्रीत काढून टाकली.

लावायचं कारण साधं होतं. मुनीमजींच्या पेटीत रोज खोट्या पर्चेस ऑर्डरी यायच्या, सोबत झिप फाइल. काका म्हणाले, “नको ते टपाल परत धाडता येत नाही का? दोन-चारदा परत गेलं की आपोआप बंद करतील.” मलाही पटलं. स्पॅमचा शिक्का बसलेलं टपाल आलं की रिजेक्ट करायचं आणि सोबत मजकूर जोडायचा: आपला संदेश स्पॅम असल्याने नाकारला आहे, चूक वाटल्यास या नंबरवर फोन करा. नंबर माझाच होता. नियम तीन ओळींचा, लावायला पाच मिनिटं.

स्पॅम कमी झालं नाही. दिवाळीपर्यंत मी वाट पाहिली, पेटीकडे येणारा ओघ तसाच. पोस्टफिक्सची रांग मात्र फुगायला लागली. आम्ही पाठवलेली नकाराची उत्तरं अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यांकडे, बंद पडलेल्या डोमेनकडे निघाली होती, आणि पोचत नाहीत म्हणून पोस्टफिक्स ती पुन्हा पुन्हा पाठवून बघत होता. मूळ सेटिंगमध्ये तो असा ५ दिवस प्रयत्न करतो. रांग बघून मला वाटलं, नेट कमजोर असेल. जानेवारीत नागपूरच्या एका व्यापाऱ्याला पाठवलेलं दरपत्रक परत आलं. कारण लिहिलं होतं की तुमचा सर्व्हर स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत आहे. तेव्हाही मी यादीतून नाव काढायचा अर्ज केला आणि मूळ कारण शोधलं नाही.

मग फेब्रुवारीत एका सकाळी फोन आला. नांदेड जिल्ह्यातल्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल, वय साठीच्या पुढचं. “सर, तुमच्या मिलकडून काही दिवसांपासून मेल यायलेत. मी स्पॅम धाडलं म्हणतेत. मी तुम्हाला कधी काही धाडलंच नाही.” त्यांनी पासवर्ड दोनदा बदलला होता, कॉम्प्युटर दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणला होता, तरी मेल थांबत नव्हते. वाचनालयाच्या समितीत कुणीतरी विचारलंही होतं, की तुम्ही कुठली साइट उघडली का. ते मला रागावले नाहीत, फक्त विचारत होते की यातून सुटायचं कसं. त्यांच्या वाट्याला आलेलं ते सगळं आमच्या सर्व्हरने पाठवलेलं होतं.

ईमेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे पाकिटाच्या मागे लिहिलेला पत्ता. कुणीही कुणाचाही लिहू शकतो. एसएमटीपीचं, म्हणजे सर्व्हरांनी आपसात टपाल देण्या-घेण्याच्या नियमांचं, दस्तऐवज १९८२ चं, तेव्हा हा पत्ता तपासायची सोयच नव्हती. पत्ता खरा की खोटा ते तपासायच्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या सोयी, हे सगळं पुढे आलं, आणि लहान संस्थांच्या डोमेनवर ते अनेकदा लावलेलंच नसतं. स्पॅम पाठवणारा स्वतःचा पत्ता लिहीत नाही; कुठल्यातरी यादीतून उचललेला खरा पत्ता लिहितो. त्यामुळे आपलं उत्तर त्याच्यापर्यंत जातच नाही. ते जातं या ग्रंथपालांसारख्या माणसाकडे. याला इंग्रजीत बॅकस्कॅटर म्हणतात, आणि दुसऱ्याच्या नावावर स्पॅम सोडण्याला ‘जो जॉब’. १९९७ साली जोज डॉट कॉम चालवणाऱ्या जो नावाच्या माणसाने एका ग्राहकाचं खातं जाहिरातबाजीसाठी बंद केलं, त्याचा सूड म्हणून त्याच्या नावाने स्पॅम सोडलं गेलं. त्यावरून हा शब्द आला.

त्या रात्री मी पहिल्यांदा सीव्हचे दस्तऐवज नीट वाचले, आणि आधीच वाचायला हवे होते. इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. २००१ च्या आरएफसी ३०२८ मध्ये रिजेक्टचा अर्थ होता, पाठवणाऱ्याला नकाराचं वेगळं उत्तर पाठवणं. मार्च २००९ मध्ये आरएफसी ५४२९ आलं आणि सुरुवातीच्या सारांशातच स्वच्छ सांगितलं की जुन्या व्याख्येमुळे जो जॉबच्या बळींवर उत्तरांचा पूर आणखी वाढतो. म्हणून रिजेक्टला एसएमटीपीचं बोलणं चालू असतानाच नकार द्यायची मुभा दिली, आणि शक्य असेल तिथे तसंच करायला लावणारं ‘ईरिजेक्ट’ आणलं. मग ईरिजेक्ट लावलं की झालं का? आमच्यासारख्या मांडणीत नाही. पोस्टफिक्स टपाल स्वीकारून रांगेत घालतो, आणि सीव्हचा नियम त्यानंतर चालतो. समोरचा सर्व्हर तोवर फोन ठेवून गेलेला असतो. आता नाही म्हणायचं तर नवं टपालच पाठवावं लागतं, आणि ते त्या खोट्या पत्त्यावरच जातं.

काकांचा एक मुद्दा मात्र खरा होता आणि तो मी सोडणार नव्हतो. एखाद्या खऱ्या आडत्याचं टपाल चुकून स्पॅम ठरलं तर त्याला कळायला हवं. तूर-सोयाबीनच्या सौद्यात एक दिवस चुकला तर भाव हातचा जातो. याचं उत्तर दारातच नकार देण्यात आहे. टपाल स्वीकारण्याआधी तपासा आणि नको असेल तर ५५० चा आकडा देऊन तिथंच नाही म्हणा. मग पाठवणाऱ्याला सांगायचं काम त्याच्याच सर्व्हरचं. खरा आडत्या असेल तर त्याला निरोप मिळतो. स्पॅमचं यंत्र असेल तर ते सहसा पुढच्या पत्त्याकडे वळतं आणि तिसऱ्या माणसाला त्रास होत नाही.

मी स्पॅमअसॅसिन काढून आरस्पॅमडी हे छाननीचं दुसरं सॉफ्टवेअर बसवलं आणि मिल्टरने, म्हणजे टपाल स्वीकारण्याआधीच तपासू देणाऱ्या जोडणीने, पोस्टफिक्सला जोडलं. स्पॅमअसॅसिनलाही मिल्टर आहे, तेही चाललं असतं. टपाल जितकं संशयास्पद तितके त्याला गुण जास्त: आरस्पॅमडीच्या मूळ आकड्यांप्रमाणे ४ गुणांना ग्रेलिस्ट (आत्ता नाही, थोड्या वेळाने पुन्हा पाठवा), ६ ला हेडरमध्ये, म्हणजे टपालाच्या माथ्यावरच्या माहितीत, स्पॅमचा शिक्का, १५ ला सरळ नकार. आकडे मी बदलले नाहीत. सीव्हमध्ये आता एवढंच: शिक्का असेल तर ‘फाइलइंटू’ने जंक फोल्डरमध्ये टाक आणि ‘स्टॉप’. हा स्टॉप विसरू नका. दिवाळीत मिल बंद असताना मुनीमजी सुट्टीचं आपोआप उत्तर लावतात, आणि स्टॉप नसेल तर खालचा तो नियमही चालतो आणि स्पॅमलाही उत्तर जातं, म्हणजे पुन्हा तोच दोष मागच्या दाराने. जंक फोल्डर मुनीमजी रोज सकाळी चहाच्या वेळी चाळतात.

ग्रंथपालांच्या डोमेनवर फोनवरूनच एसपीएफ आणि डीमार्क लावून दिलं. त्यांच्या नावाने येणारं खोटं टपाल आता तपासणाऱ्या सर्व्हरला ओळखता येतं. समितीसाठी एक पत्रही मिलच्या लेटरहेडवर लिहून दिलं, की चूक आमच्या सर्व्हरची होती. काकांनी त्यावर सही केली.

काकांनी शेवटी एकच विचारलं, “मग खऱ्या माणसाला कळतं ना?” त्यांच्यासमोर मी माझ्या खासगी पत्त्यावरून जीट्यूब नावाचा, छाननीने स्पॅम ठरवावा म्हणूनच बनवलेला चाचणीचा मजकूर मिलला पाठवला. थोड्याच वेळात नकाराचा निरोप माझ्या पेटीत आला, माझ्याच मेलसेवेच्या सर्व्हरकडून. पोस्टफिक्सची रांग त्यांना उघडून दाखवली. रिकामी होती.