लिलावातल्या 'चंदीगड' खुर्च्या उलट्या करून बघा

ऑनलाइन लिलावात घेतलेल्या सहा खुर्च्या पुण्यात आमच्याकडे दुरुस्तीला आल्या, त्या सांधे हलायला लागले म्हणून. जाहिरातीत लिहिलं होतं: 'कस्टम-मेड, मिडसेंच्युरी (म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याची), चंदीगड, सॉलिड साग'. कस्टम-मेडही आणि जुनीही, असं कसं जमेल? वास्तुरचनाकार पिएर जानरे यांच्या आखणीचं चंदीगडचं फर्निचर 1950-60 च्या दशकांत सरकारी कचेऱ्यांसाठी बनलं. आज ऑर्डरने होते ती नक्कल. नकलेला आमची हरकत नाही, फक्त भाव नकलेचा हवा. अस्सल म्हणत असेल तर मूळ सरकारी लिलावाची कागदपत्रं मागा. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीवर बंदीचा आदेश काढलेला आहे.

खुर्च्या उलट्या केल्यावर सगळं दिसलं. पाय सागाचे, पण निम्मे फिकट रसकाठाचे (खोडाच्या बाहेरच्या कच्च्या लाकडाचे), वर गडद स्टेन मारलेला. रसकाठाला कीड आधी लागते. पाठीच्या पट्टीत एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) सागाचं वीनर, म्हणजे पातळ पापुद्रा, होतं. हे ओळखायला कडेचं टोक बघायचं: अस्सल लाकडाच्या रेषा वरून येऊन टोकात उतरतात, वीनरच्या कडेलाच संपतात. सांध्यांत लाकडाचं टोक भोकात बसवलेलंच नाही; दोन डॉवेल (लाकडी खुंट्या), फेव्हिकॉल आणि चौफुली खाचेचे नवे स्क्रू. त्यात लाकूड ओलं. पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ते आकसलं आणि सांधे उघडले. ओलावा मोजायचं मीटर महाग नसतं. 12 टक्क्यांच्या वर आकडा आला की घेऊ नका.

जुनेपणाही रंगवलेला. व्हिनेगरमध्ये लोखंडी तारेचा चोथा भिजवून फासला की साग काळवंडतो. पण खरी झीज खुर्चीच्या हातांच्या पुढच्या कडेला आणि पायांच्या तळाला होते, इथे ती बैठकीच्या खालीही सारखीच होती. सरकारी कचेरीची खूण म्हणून रंगवलेली पांढरी अक्षरं ओरखड्यांच्या आत उतरलेली, म्हणजे आधी ओरखडे, मग अक्षरं. स्पिरिटचा बोळा आतल्या बाजूला घासून पाहिला, पॉलिश जराही सुटलं नाही. जुनं लाखेचं पॉलिश स्पिरिटने चिकट होतं, आजचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश होत नाही. (नंतर पॉलिश बदललेलं असू शकतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.)

भावाचा अंदाज घरीच काढता येतो. सुका साग घनफुटाला साधारण 18-19 किलो भरतो. खुर्चीच्या वजनावरून घनफूट काढा, कापणी-रंध्यात जाणारं लाकूड धरा, भवानी पेठेच्या लाकूड बाजारात त्या दिवसाचा दर विचारा, वर मजुरी, वेत आणि पॉलिश. बोली याच्या कितीतरी पट वर गेली, तर ती कोण चढवतंय ते बघा. विक्रेत्याने आधी जाहीर न करता स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावली, तर वस्तू विक्री अधिनियम 1930 च्या कलम 64 प्रमाणे खरेदीदार तो व्यवहार फसवणुकीचा मानू शकतो.

बोलीआधी तळाचे आणि सांध्यांचे फोटो मागा, 'सॉलिड साग, वीनर नाही' हे बिलावर लिहून घ्या. 'आहे तसं, आहे तिथं' या अटीवर न बघता पैसे भरू नका. अनामत कुणाच्या खासगी खात्यात मागितली तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर दोन वर्षांच्या आत पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता बाहेरगावचा असला तरी. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.