आउटलुकचा मॅक्रो आणि फौंड्रीचा इनबॉक्स: दिवाळीपासून वापरून बघितल्यावर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ वाचेल. आलेले मेल आपोआप लावून ठेवायचे तुमचे नियम दहा-पंधराच्या आत असतील तर मॅक्रोच्या (आउटलुकच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) नादी लागू नका. आउटलुकमधले तयार रूल्स भरपूर झाले. त्यातले बरेचसे सर्व्हरवरच चालतात, त्यामुळे कॉम्प्युटर बंद असला तरी काम होतं. मॅक्रोचा खटाटोप तेव्हाच करावा, जेव्हा नियम दर आठवड्याला बदलतात आणि ते बदलणारे तुम्ही एकटेच नसता. आमचं नेमकं तसंच आहे.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) ऑर्डर आणि डिस्पॅचचं कोऑर्डिनेशन बघते. कास्टिंग आमचं, मशीनिंग निम्मं घरात आणि निम्मं गोकुळ शिरगावला जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून करून घ्यायला. 'सेल्स' नावाचा एकच मेल आयडी आणि त्याच्यावर सगळं जग: ग्राहकांचे पीओ (परचेस ऑर्डर), महिन्याचं शेड्यूल, त्याच शेड्यूलमध्ये चार दिवसांनी केलेली फिरवाफिरवी, ड्रॉइंगची नवी रिव्हिजन, रिजेक्शनचे फोटो, डेबिट नोट (ग्राहकाने आमच्या बिलातून पैसे कापल्याची नोंद), ट्रान्सपोर्टवाल्यांच्या एलआर (लॉरी रिसीट) कॉपी, टेस्ट सर्टिफिकेटची मागणी, बँकेचे पेमेंट ॲडव्हाइस, आणि मध्ये मध्ये कटिंग टूल विकणाऱ्यांच्या जाहिराती. रविवारचा लक्ष्मीपुरीचा बाजार म्हणा ना. हा आयडी मी, डिस्पॅचचा दादा आणि अकाउंट्सच्या मॅडम असे तिघं बघतो.

तयार रूल्स आम्ही बरीच वर्षं वापरले. त्यांची जागा मर्यादित असते. एक्सचेंजवर (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर) एका मेलबॉक्सच्या सगळ्या रूल्सना मिळून जास्तीत जास्त २५६ केबी, आणि जुन्या सर्व्हरवर तर त्याहून कमी. पण खरं दुखणं जागेचं नव्हतं. एक एक रूल उघडून आत बघितल्याशिवाय तो काय करतो ते कळत नाही, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाने केलेला रूल पुसायला कुणी धजावत नाही. कुठला मेल कुठे का गेला हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघणार.

म्हणून मॅक्रो. तो इंजिनीअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याने लिहून दिला आणि नंतर मी त्यात हात घालत गेले. कोड फार नाही, छापला तर दोन-तीन पानं. त्याच्यातली खरी गोष्ट अशी की नियम कोडमध्ये नाहीतच, ते एका साध्या एक्सेल शीटमध्ये आहेत. पाच कॉलम: कुणाकडून, विषयात काय, काय करायचं, कुठे, आणि चालू की बंद. आउटलुक सुरू झालं की मॅक्रो ती शीट एकदा वाचून डोक्यात ठेवतो. मेल आला की वरून खाली एकेक ओळ लावून बघतो, पहिली जुळली की काम करतो आणि थांबतो. शीट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये आहे, तिघांनाही उघडता येते. अकाउंट्सच्या मॅडमना कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण बँकेने मेलचा विषय बदलल्यावर त्यांनी स्वतःच ओळ दुरुस्त केली. माझ्या लेखी या सगळ्या प्रकाराचे पैसे तिथेच वसूल झाले. (पैसे म्हणजे भाच्याला दिलेलं जेवण. पांढरा-तांबडा रस्सा, पोटभर.)

प्रत्येक मेलला एक्सेल उघडायला लावू नका, हे मात्र लक्षात ठेवा. मशीन रांगायला लागतं, आणि काम झाल्यावर एक्सेल नीट बंद केलं नाही तर न दिसणारी एक्सेलं टास्क मॅनेजरमध्ये साठत जातात. सुरुवातीला एकदा वाचायचं, आणि शीट बदलली की दाबायला वरच्या पट्टीवर एक बटण ठेवायचं. उघडतानाही फक्त वाचण्यापुरती उघडायची, म्हणजे दुसऱ्या कुणी ती उघडून ठेवली असली तरी अडत नाही.

आता माझा हट्ट. जो मेल कुणाच्या तरी डोळ्याखालून गेल्याशिवाय चालणारच नाही, तो हलवायचा नाही. त्याला रंग द्यायचा आणि इनबॉक्समध्येच ठेवायचा. भाचा म्हणत होता, इनबॉक्स रिकामा दिसला पाहिजे. म्हटलं, बाबा, तुझा दिसू दे. आमच्याकडे ड्रॉइंगची रिव्हिजन आली आणि ती 'ड्रॉइंग' फोल्डरात गुपचूप जाऊन बसली, तर जुन्या ड्रॉइंगवर माल ओतला जाणार आणि पुढची अख्खी हीट (भट्टीतला एक घाणा) भंगारात. त्यामुळे रिव्हिजन लाल, डेबिट नोट केशरी, शेड्यूलमधला बदल पिवळा, आणि तिन्ही जागच्या जागी. हलवायच्या त्या एलआर कॉपी, पेमेंट ॲडव्हाइस, पोर्टलवरून आपोआप येणाऱ्या पोचपावत्या आणि जाहिराती. एवढं उचललं तरी इनबॉक्स निम्म्याहून जास्त हलका होतो.

शीटमधल्या ओळींचा क्रम फार महत्त्वाचा. आमच्या एका ग्राहकाच्या पोर्टलवरून शेड्यूल आणि डेबिट नोट दोन्ही एकाच नो-रिप्लाय पत्त्यावरून येतात. पत्ता बघणारी ओळ वर असली तर डेबिट नोटही शेड्यूलचा रंग घेऊन बसते. म्हणून विषय तपासणाऱ्या ओळी वर, नुसता पत्ता तपासणाऱ्या खाली. आणि पत्ता पूर्ण लिहू नका, ॲटच्या पुढचा भागच लिहा. समोरचा माणूस बदलतो, कंपनी तीच राहते.

शब्द जुळवण्यातली सगळ्यात मोठी गंमत 'पीओ'ची. इंग्रजीत ही दोनच अक्षरं, आणि ती ट्रान्सपोर्टमध्ये आहेत, रिपोर्टमध्ये आहेत, सपोर्टमध्ये आहेत, डिपॉझिटमध्येही आहेत. पहिल्या आठवड्यात दादा येऊन म्हणाला, "ताई, ह्यो ट्रकवाला आपल्याला ऑर्डर कवापास्नं द्यायला लागला?" उपाय दोन. एक म्हणजे विषयाच्या मागे-पुढे एकेक रिकामी जागा जोडायची आणि शीटमध्येही शब्द मोकळ्या जागेसकट शोधायचा. दुसरा जास्त खात्रीचा. सॅप (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचे पीओ नंबर ४५ ने सुरू होणारे दहा आकडी असतात. व्हीबीएमध्ये (मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्यात) 'लाइक' नावाची तुलना आहे, तिच्यात एका हॅशचा अर्थ कुठलाही एक आकडा. तेव्हा ४५ आणि पुढे आठ हॅश. विषयात काहीही लिहिलेलं असो, तो नंबर सापडला की पीओ. आमच्या मोठ्या ग्राहकांपुरता हा नियम आजवर चुकलेला नाही. लहान ग्राहक विषयात नुसतं 'अर्जंट' लिहितात, त्याला जगातला कुठलाही मॅक्रो काही करू शकत नाही.

मराठी विषय असलेले मेल थोडे, पण येतात: पाणीपट्टी, बिल, सूचना. व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हं उमटतात. कोडमध्येच लिहायचं म्हटलं तर एकेका अक्षराचा नंबर द्यावा लागतो. नुसत्या 'बिल'साठी २३४८, २३६७ आणि २३५४. आमचे शब्द एक्सेलमध्ये असल्यामुळे ही कटकट आपसूक गेली. एक्सेलमध्ये मराठी सरळ टाइप होते आणि मॅक्रो ती बरोबर वाचतो. फक्त तपासताना ते शब्द एडिटरमध्ये बघायला जाऊ नका. तिथे पुन्हा प्रश्नचिन्हंच दिसतील आणि उगाच जीव घाबरेल.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ती सांगते. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. पीसी बंद. मंगळवारी सकाळी आउटलुक उघडलं की रविवार संध्याकाळपासूनचा ढीग एकदम आत येतो, आणि रंग लागलेले मेल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कोड बरोबर, शीट बरोबर. कारण असं की इनबॉक्समध्ये नवा मेल पडला की सुरू होणारी जी 'आयटमॲड' नावाची घटना आहे, ती एकाच वेळी भरपूर मेल आले तर चालत नाही. हे मायक्रोसॉफ्टच्या माहितीपानावर लिहिलेलंच आहे, पण अशी पानं आधी कोण वाचतं? त्यामुळे नुसत्या त्या घटनेवर विसंबायचं नाही. सगळा इनबॉक्स झाडून काढणारा एक वेगळा मॅक्रो हवा, आणि तो आउटलुक सुरू होतानाही चालला पाहिजे.

झाडणाऱ्या मॅक्रोत दोन गोष्टी बघून घ्या. मोजणी शेवटाकडून सुरू करायची. पहिल्यापासून सुरू केली की एक मेल हलवल्यावर खालचा त्याच्या जागी सरकतो आणि तपासायचा राहतो, म्हणजे एक आड एक मेल सुटत जातो. दुसरं म्हणजे इनबॉक्समध्ये पडलेलं सगळंच मेल नसतं. मीटिंगचं आमंत्रण किंवा 'मेल पोचला नाही' ही सूचना आउटलुकच्या हिशेबी वेगळी वस्तू. ती आली की मॅक्रो 'टाइप मिसमॅच' म्हणून जागीच बसतो आणि पुढचं सगळं तसंच राहतं. आधी वस्तूचा प्रकार विचारायचा, मेल असेल तरच हात लावायचा.

एक्सेलमध्ये ठरावीक वेळी मॅक्रो चालवायची सोय आहे, आउटलुकमध्ये ती नाही. त्यावर एक देशी जुगाड आहे: कॅलेंडरमध्ये रोजचं एक रिमाइंडर ठेवायचं आणि ते वाजलं की त्याचं नाव ओळखून मॅक्रोने झाडू मारायचा. आमच्याकडे सकाळी आणि दुपारी चहाच्या आधी असं दोनदा वाजतं. दिसायला बावळट वाटतं, पण चालतं झकास.

'चालू की बंद' हा कॉलम मी पावसाळ्यासाठी मागून घेतला होता. पंचगंगा चढली की शिरोलीजवळ हायवेवर पाणी येतं. २०१९ ला आणि २०२१ ला पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला होता, ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. अशा दिवसांत ट्रान्सपोर्टवाल्यांचे मेल फोल्डरात जाऊन चालत नाहीत. गाडी कुठे अडकली, ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या सरकारी ऑनलाइन कागदाची) मुदत कधी संपते, हे त्याच वेळी बघावं लागतं. दोनशे किलोमीटरला एक दिवस असा मुदतीचा हिशेब, गाडी उभी राहिली की दिवस चालूच. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये एलआरची नेहमीची ओळ बंद आणि तेच मेल निळे करून इनबॉक्समध्ये ठेवणारी दुसरी ओळ चालू. दादा आता ते न सांगता करतो.

उणिवा आहेतच. मॅक्रो फक्त माझ्या पीसीवर आणि आउटलुक उघडं असतानाच चालतो. तिघांच्या मशीनवर बसवला तर एकाच मेलची ओढाताण होते, म्हणून मुद्दाम एकाच जागी ठेवलाय. स्क्रीन लॉक केलेली चालते, मशीन झोपलेलं चालत नाही. लाईट गेली आणि यूपीएस संपला की फोनवर बघणाऱ्या साहेबांना रंग-बिंग काही दिसत नाही, आणि त्यांचा फोन येतो, "अगं, आज सगळं काळंच दिसतंय की!" ॲटॅचमेंट आपोआप सेव्ह करायची सोयही भाच्याने दिली होती. सहीखालचे कंपन्यांचे लोगोसुद्धा सेव्ह व्हायला लागल्यावर फक्त पीडीएफपुरती ठेवली.

सुरक्षेचं एक सांगते, कारण इथे लोक फार बिनधास्त असतात. मॅक्रो चालत नाही म्हणून ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन 'सगळे मॅक्रो चालू द्या' करू नका. ऑफिसबरोबर सेल्फसर्ट नावाचं छोटं साधन येतं. त्याने स्वतःचं सर्टिफिकेट बनवायचं, मॅक्रोवर सही करायची आणि सही असलेलेच मॅक्रो चालू ठेवायचे. आउटलुकमधला मॅक्रो मेल वाचू शकतो तसा पाठवूही शकतो, तेव्हा कुठूनही उचललेला कोड न वाचता चिकटवणं म्हणजे गोडाऊनची किल्ली रस्त्यावर ठेवणं. रूलमधूनच स्क्रिप्ट चालवायची जी जुनी सोय होती, ती २०१७ च्या सुरक्षा अपडेटपासून मुळातच बंद असते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) बदल करून ती परत आणता येते, पण मी आणलेली नाही आणि तुम्हीही आणू नका. सगळा कोड व्हीबीएप्रोजेक्ट डॉट ओटीएम या एकाच फाइलमध्ये असतो, तिची एक प्रत पेनड्राइव्हवर असू द्या. विंडोज नव्याने टाकणारा पोरगा ती फाइल लक्षात ठेवून परत देत नाही.

आणि शेवटचा मुद्दा, जो खरं म्हणजे बसवायच्या आधीच बघायचा. नव्या आउटलुकमध्ये व्हीबीए नाही. वर कोपऱ्यात नवं आउटलुक वापरून बघा म्हणणारं बटण असतं, ते सरकवलं की मॅक्रो गायब. परत सरकवलं की क्लासिक, म्हणजे जुनं आउटलुक येतं आणि मॅक्रोही येतो, त्यामुळे आमच्या ऑफिसात त्या बटणाला हात लावायला सगळ्यांना बंदी आहे. क्लासिक आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार राहील असं जाहीर झालेलं आहे, तोवर आमचं भागेल. तुम्ही आज शून्यातून सुरू करणार असाल, ऑफिसात क्लासिकच राहणार याची खात्री नसेल, तर हेच काम पॉवर ऑटोमेटवर (मायक्रोसॉफ्टच्याच, कामं आपोआप करणाऱ्या सेवेवर) होतं का ते आधी बघा. ते क्लाउडवर चालतं, त्यामुळे पीसी बंद असला आणि सोमवार असला तरी अडत नाही. आमची एक्सेल शीट आहे तशीच तिकडे नेता येईल असं भाच्याचं म्हणणं आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो येईल तेव्हा त्याला त्याच कामाला बसवणार आहे.