समुद्राकडच्या रांगेतला स्टॉल: तीन दिवस, १२० जोड

पौष पौर्णिमेला धरून तीन दिवस आम्ही कोकणातल्या एका किनारा महोत्सवात स्टॉल लावला. आमचं घर कोल्हापुरात सुभाषनगरला. मामंजी आणि मालक कोल्हापुरी चपलांचे तळ काढतात, शिलाई करतात. पट्टे आणि वेणी माझ्याकडं. गावातली प्रदर्शनं बरीच केलीत, पण वाळूवर दुकान मांडायची ही पहिलीच वेळ. आपल्याकडचं कुणी चपला, साज, काहीही घेऊन तिकडं जाणार असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

भाडं ६,५०० रुपये. समुद्राकडची रांग म्हणून वर आणखी हजार. त्यात दहा बाय दहाचा मांडव, दोन टेबलं, दोन खुर्च्या, एक प्लग आणि खाली लाल कार्पेट. छोटा हत्ती करून आंबा घाटातनं १२० जोड नेले, त्याचे जाऊन-येऊन ९,००० वेगळे.

ते कार्पेट मला अजिबात पटलं नाही. वाळूवर नुसतं अंथरलेलं. चार माणसं आली की वाळू वर येते आणि थेट वेणीत जाऊन बसते. कापशी पद्धतीच्या चपलेची वेणी बारीक असते, त्यातनं एकेक कण काढता काढता बोटं दुखतात. त्यात रात्री दव. पहिल्या सकाळी खाली मांडलेल्या ९ जोडांच्या कडांना काळपट डाग होते. आमचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं; ते पाणी पितं. खारं पाणी असेल तर वाळल्यावर कडेला पांढरी खार फुटते आणि कातडं कडक होतं. वाळूवर स्टॉल देताय तर खाली फळ्या टाकायलाच हव्यात, वर हजार घेता तर नक्कीच.

दुसऱ्या दिवशी मालकांनी गावातनं बांबू आणि सुतळी आणली. अंगठ्यातनं सुतळी ओवून सगळे जोड हाताच्या उंचीवर टांगले. वाऱ्यावर हलायला लागले तशी लांबची माणसं वळून बघायला लागली. खरी विक्री तिथनं सुरू झाली.

आणि ती विक्री मला फार आवडली. कोल्हापुरात गिऱ्हाईक घाईत असतं, अर्धं लक्ष बाहेर लावलेल्या गाडीकडं. तिथं माणसं अनवाणी येतात, हातात वेळ असतो. मी गोड्या पाण्याची बादली आणि टॉवेल ठेवला. पाय धुवा, कोरडे करा, मग घाला. पुण्याच्या एक काकू म्हणाल्या, "कोल्हापुरी मला चावते हो." म्हटलं, काकू, पहिले चार दिवस घरातच घाला, आतनं तेलाचा हात द्या, मग ती तुमच्या पायाची होते. त्या अर्धा तास मांडवात चालून बघत होत्या. दोन जोड घेतले.

शेजारी रेक्झिनच्या चपला अडीचशेला होत्या, त्याही कोल्हापुरी म्हणूनच. मी भांडले नाही. आमची चप्पल उलटी करून दाखवायची: खिळा नाही, चामड्याच्या वादीची शिलाई. २०१९ साली महाराष्ट्र-कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांतल्या कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेही सांगायचं. इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीनं २०२५ला मिलानमध्ये तसल्याच चपला दाखवल्या, त्याबद्दल तर दिवसातनं दहा जण विचारायचे. मात्र समुद्रात घालायला पाहिजे म्हणणाऱ्यांना मी सरळ सांगितलं, ही घेऊ नका, रबरी घ्या. दहाएक जोड त्यामुळं राहिले असतील. पण आठ दिवसांत कडक झालेली चप्पल आमच्या नावावर नको.

आता भरतीचं. होडी ओढायला आलेल्या एका आजोबांनी पहिल्याच दिवशी हिशेब सांगितला, "बाय, तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ." तेराची पाऊणपट पावणेदहा, पंधराची सव्वाअकरा, आणि पौर्णिमेला उधाण. हे मी आयोजकांच्या टेबलावर जाऊन सांगितलं. पाणी एवढं वर येत नाही म्हणाले. पौर्णिमेला रात्री साडेनऊलाच कार्पेटची कड भिजली. स्वयंसेवकांतली दोन पोरं न बोलावता धावत आली, पेट्या डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत नेल्या. त्यांच्यामुळं एकही जोड भिजला नाही. आम्ही देत होतो तो चहासुद्धा न घेता ती पुढच्या स्टॉलकडं पळाली.

८७ जोड गेले. भाडं, टेम्पो, जेवणखाण वजा करूनही चांगले पैसे राहिले. पाचातले तीन तारे देते. एक कार्पेटपायी कापला, एक भरतीपायी.

पुढच्या वर्षीच्या अर्जात मी मागची रांग मागितलीय, आणि फळ्या नसतील तर आमच्या आम्ही आणू असं लिहून दिलंय. उरलेले ३३ जोड सावलीत वाळवून तेलाचा हात दिला. डागाळलेले ९ बाजूला काढलेत. वेण्यांमधली वाळू दात घासायच्या जुन्या ब्रशनं अजून काढतेय.