पाच भूमिकांची पद्धत: साविन ते लामास, आमच्या पेगन मूटमधला अनुभव

कावळा, ग्रेस, ड्रॅगन, साप आणि कोळी. गटाचं नेतृत्व एकाच माणसाच्या डोक्यावर न ठेवता या पाच नावांत वाटून घ्यायचं, ही स्टारहॉक या अमेरिकन लेखिकेने 1987 साली मांडलेली पद्धत. इंग्लंडच्या नैऋत्येला, सॉमरसेटमध्ये, मी ज्या पेगन मूटला जाते तिथे आम्ही ती गेल्या साविनला, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या सणाला, सुरू केली आणि ऑगस्टच्या लामास सणापर्यंत नेटाने चालवली. मधले सगळे सण याच पद्धतीने पार पडले, त्यामुळे आता तिच्याबद्दल ठामपणे लिहिता येईल. वीस-पंचवीस माणसांपर्यंतच्या गटाला ही पद्धत मी मनापासून सुचवेन. पैसा आणि सुरक्षितता या दोन बाबतींत मात्र तिच्यावर विसंबू नका.

ज्यांना हे जग अनोळखी आहे त्यांच्यासाठी थोडं. आजचं पेगनपण म्हणजे एकच एक पंथ नव्हे. विक्का, ड्रुइड, हीदन अशा, निसर्गाला आणि जुन्या युरोपीय देवदेवतांना मानणाऱ्या बऱ्याच वाटा त्यात येतात. 2021च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 74,000 लोकांनी धर्माच्या रकान्यात पेगन असं लिहिलं. 2011 साली हा आकडा 57,000 होता. सर्वांना बांधून ठेवणारा ग्रंथ नाही, पगारी पुरोहित नाहीत, वरून हुकूम देणारं पीठ नाही. मूट म्हणजे साधारण महिन्यातून एकदा, बहुधा एखाद्या पबच्या मागच्या खोलीत भरणारी बैठक. गप्पा होतात, एखादं व्याख्यान होतं, पुढच्या सणाची तयारी ठरते. ही मोकळीक आवडते म्हणूनच माणसं इथे येतात. पण सणाच्या दिवशी शेतात तीस लोक जमले की कुणीतरी पुढे व्हावंच लागतं, आणि ते कसं व्हायचं हे शिकवणारी व्यवस्था बहुतेक मूटमध्ये नसते.

आमच्याकडे एक ज्येष्ठ बाई अनेक वर्षं सगळं एकटीने ओढत होत्या. हॉलचं बुकिंग, शेतमालकाची परवानगी, विधीची संहिता, नव्या माणसाशी पहिलं बोलणं, रुसलेल्यांची समजूत, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी आम्हाला विधी उत्तम शिकवला. वर्तुळ कसं आखायचं, दिशांना आवाहन कसं करायचं, शेवटी सर्वांना रोजच्या भानावर कसं आणायचं, हे आमच्यातल्या अनेकांना झोपेतही सांगता येईल. पण गट कसा चालवायचा हे कुणालाच शिकायला मिळालं नव्हतं. त्यांनी थांबायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या जागी उभं राहायची कुणाचीच तयारी नव्हती. ही गोष्ट फक्त आमची नाही. इतर गावांतल्या मूटमधूनही हेच ऐकते: एक माणूस थकतो आणि गट विझतो.

विक्कामध्ये यावर जुना उपाय आहे तो तीन पायऱ्यांच्या दीक्षेचा. तिसऱ्या पायरीवर पोचलेली व्यक्ती स्वतःचं कोवेन, म्हणजे दीक्षा घेतलेल्यांचा छोटा गट, काढू शकते. या रचनेत शिस्त आहे, गुरूकडून शिष्याकडे जाणारी विद्या आहे, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण सत्ता एका हातात साठली की काय होतं तेही तिच्याच इतिहासात दिसतं. आधुनिक विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांच्या कोवेनची प्रमुख पुजारीण डोरीन व्हॅलिएंटे 1957 साली त्यांच्यापासून वेगळी झाली. गार्डनर यांनी अचानक जुने म्हणून पुढे केलेले नियम हे त्याचं एक मोठं कारण. त्यात प्रमुख पुजारिणीने वय झाल्यावर तरुण स्त्रीसाठी बिनतक्रार जागा सोडावी असंही एक कलम होतं. आज ज्या विधींना जगभरचे विक्कन मानतात त्यांतला केवढा तरी भाग व्हॅलिएंटे यांनी लिहिलेला आहे, आणि अशा बाईवर ही वेळ आली.

दुसऱ्या टोकाला, आमच्यात नेता नाहीच असं म्हणणारे गट. जो फ्रीमन या अमेरिकन स्त्रीवादी लेखिकेने 1970च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं की ज्या गटात रचना नसते तिथेही नेते असतातच, फक्त ते दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्याला जाब विचारता येत नाही. पेगन गटांना हे तंतोतंत लागू पडतं.

स्टारहॉक ज्या परंपरेच्या संस्थापकांपैकी एक आहेत ती रिक्लेमिंग ही पेगन परंपरा सॅन फ्रान्सिस्कोत रुजली. विधी आणि आंदोलन तिथे हातात हात घालून चालत आले. 1981 साली कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यन अणुप्रकल्पाला घेराव घालताना त्या लोकांनी सहमतीने निर्णय घेण्याची पद्धत अनुभवली. या पद्धतीमागे क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या मंडळींचा जुना वारसा आहे. 1997 साली रिक्लेमिंगने आपली तत्त्वं लिहून काढली, त्यातही अंतिम आध्यात्मिक अधिकार प्रत्येकाच्या आत असतो हे स्पष्ट मांडलं. पाच भूमिका या मातीतल्या आहेत. स्टारहॉक सत्तेचे तीन प्रकार करतात: दुसऱ्यावर गाजवायची सत्ता, आतून येणारं बळ, आणि बरोबरीच्या माणसांत आपल्या शब्दाला मिळणारं वजन. नेतृत्व शिकायचं म्हणजे हे तिसरं वजन कमवायला, वापरायला आणि वेळेवर खाली ठेवायला शिकायचं. माझ्या मते पूर्ण पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

आता प्रत्यक्ष वापर. कावळ्याचं काम वरून पाहण्याचं: पुढचा सण किती लांब आहे, काय राहिलंय, आपण मुळात कशासाठी जमलो. हे काम सोपं आहे आणि कुणीही चार-सहा आठवड्यांत शिकतं. ग्रेस नव्यांचं स्वागत करते, गटाचा उत्साह सांभाळते. आमच्याकडे ही भूमिका एका अबोल मुलाने मागून घेतली आणि फार छान केली. दारात उभं राहून नाव विचारायचं, चहा द्यायचा, आज काय होणार ते दोन वाक्यांत सांगायचं, एवढंच. पण पहिल्यांदा आलेली माणसं दुसऱ्यांदा यायला लागली.

ड्रॅगन सीमा राखतो. बैठकीत ते वेळेपुरतं असतं, पण उघड्यावरच्या विधीत या भूमिकेचा खरा कस लागतो. बेल्टेनला, म्हणजे मेच्या सुरुवातीच्या सणाला, होळी पेटवायची होती. वाऱ्याची दिशा, पाण्याच्या बादल्या, कुणी ज्वाळांवरून उडी मारायची आणि कुणी नाही, हे ड्रॅगनने आधी ठरवलं. विधी चालू असताना ती वर्तुळाकडे पाठ करून बाहेर उभी राहिली. कुत्रा फिरवायला आलेल्या एका गृहस्थांनी फोन काढून चित्रण सुरू केलं, तेव्हा तिने शांतपणे जाऊन त्यांना समजावलं. हे महत्त्वाचं होतं, कारण आमच्यातल्या काहींनी नोकरीच्या ठिकाणी आपला धर्म सांगितलेला नाही. जागा होती तशी सोडून जाणं हेही ड्रॅगनचंच काम. एव्हबरीजवळच्या वेस्ट केनेट लाँग बॅरोमध्ये, पाच हजार वर्षांहून जुन्या त्या दगडी दफनगृहात, श्रद्धेने लावलेल्या मेणबत्त्यांनी दगडांची हानी होते हे ज्याने पाहिलंय त्याला या भूमिकेची किंमत वेगळी सांगायला नको. भक्ती करणाऱ्यालाच कुणीतरी थांबवावं लागतं, आणि ते दुखावल्याशिवाय करायला शिकणं हे मोठं कौशल्य आहे.

साप ही भूमिका मात्र सर्वांत वरची. साप जमिनीलगत असतो. गटात न बोललेलं काय आहे ते पाहायचं आणि योग्य वेळी उघड करायचं. यूलनंतर, म्हणजे डिसेंबरच्या सणानंतर, दोन हीदन सभासद येईनासे झाले. कुणाशी भांडण नव्हतं, म्हणून कुणी विचारलं नाही. त्या वेळी साप असलेल्या सभासदाने त्यांची भेट घेतली आणि पुढच्या बैठकीत, त्यांच्या परवानगीने, सांगितलं: आपला प्रत्येक सण विक्कन साच्यात होतो. वर्तुळ आखणं, चार दिशांचं आवाहन, हे हीदनांच्या रीतीत नाही, आणि आपण ते सर्वांचंच आहे असं धरून चाललो आहोत. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वसंतसंपाताचा सण त्या दोघांनी चालवावा असं ठरलं. मधाच्या दारूने भरलेलं शिंग हातोहात फिरलं, प्रत्येकाने देवतेसाठी, पूर्वजांसाठी किंवा केलेल्या संकल्पासाठी चार शब्द बोलून घोट घेतला. त्यातल्या एकीने याआधी कधीच काही चालवलं नव्हतं. वारा इतका होता की शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायला ती शिंगाबरोबर स्वतः गोल फिरत राहिली. आता आमच्याकडे मोकळ्या रानात विधी असला की प्रत्येक जण तसंच करतो. सापाने तोंड उघडलं नसतं तर ती दोघं गेली असती आणि आम्हाला कारणही कळलं नसतं.

तक्रारीला विधीतच जागा असणं मला नवं नव्हतं. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या पालखीत समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात, सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात, आणि जिची तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, मगच पुढे. लाखोंच्या सोहळ्यात एका दिंडीची नाराजी ऐकू येते ती अशी. सापाची भूमिका समजावताना मी मूटमध्ये हे सांगितलं, आणि माझ्या शब्दांपेक्षा त्या टाळांनी ती लोकांना लवकर समजली.

कोळी म्हणजे जाळ्याच्या मध्यावर बसून सर्वांना निरोप पोचवणारा. इथे पद्धत कमकुवत वाटली. ज्याच्याकडे सगळ्यांचे फोन नंबर आणि ईमेल, त्याच्याकडे नकळत सत्ता जमते. कुणाला काय आधी कळतं, कुणाला उशिरा, हे त्याच्या सवयीवर ठरायला लागतं. माणूस सज्जन असला तरी हे घडतं. म्हणून कोळी नेहमी दोन असावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

भूमिकांबरोबर सहमतीची पद्धतही घेतली. प्रस्ताव मांडायचा, आधी फक्त शंका, मग हरकती, मग दुरुस्ती. पटत नसलं तरी अडवायचं नसेल तर बाजूला उभं राहता येतं. गटाच्या मूळ हेतूलाच धक्का बसत असेल तर पूर्ण रोखता येतं. बाजूला उभं राहण्याची सोय अमूल्य आहे. हात वर करून मतदान घेतलं की हरलेले आतून तुटतात, ते इथे होत नाही. वेळ मात्र भयंकर लागतो. जूनचा सण गावाजवळच्या शेतात करायचा की जुन्या दगडांपाशी जायचं, या एका मुद्द्यावर पूर्ण संध्याकाळ गेली, आणि ज्यांना घरी लहान मुलं आहेत ते निर्णय होण्याआधीच उठून गेले. दमलेल्यांची सहमती म्हणजे सहमती नव्हे. शेवटी आम्ही ठरवलं की रात्री साडेनऊनंतर कोणताही प्रस्ताव संमत करायचा नाही.

आणि ज्या दोन बाबतींत विसंबू नका म्हटलं त्या. बँकेच्या खात्यावर, विम्यावर, हॉलच्या करारावर माणसाचं नाव लागतं. ते सणागणिक बदलता येत नाही. तिथे खजिनदार, सचिव अशी साधी, जाब विचारता येणारी पदं ठेवा. दुसरं, कुणी कुणाशी गैरवागणूक केली, विशेषतः वयाने लहान किंवा नव्या माणसाशी, तर ते प्रकरण सापाच्या समजुतीने सोडवायचं नाही. त्यासाठी आधी लिहून ठेवलेला नियम हवा, तक्रार घेणाऱ्या किमान दोन व्यक्ती हव्यात आणि गरज पडल्यास पोलिसांकडे जायची तयारी हवी. सर्वांचं मन राखण्याच्या ओढीत पेगन गटांनी अशा गोष्टी पोटात घातल्याची उदाहरणं आहेत. या मुद्द्यावर मी कुठलीही तडजोड मान्य करणार नाही.

दीक्षेच्या पायऱ्या असलेल्या बंद कोवेनला ही पद्धत जशीच्या तशी मानवणार नाही, तिथे शिकण्याची दिशाच वेगळी असते. शंभर माणसांच्या खुल्या सणालाही ती अपुरी पडेल. ज्यांना पौरोहित्य, समुपदेशन, अंत्यविधी असं खोलवर शिकायचंय त्यांच्यासाठी अमेरिकेतली चेरी हिल सेमिनरी दूरशिक्षणाने पेगन सेवेचे अभ्यासक्रम चालवते, ती वाट वेगळी. पण तुमचा मूट आमच्यासारखा असेल, एका माणसावर उभा असेल आणि तो माणूस थकत चालला असेल, तर पाचही भूमिका एकदम घेऊ नका. आधी साप आणि ड्रॅगन नेमा, दोन सण जाऊ द्या, मग बाकीच्या. भूमिका प्रत्येक दोन सणांनी बदला आणि सोडणाऱ्याने घेणाऱ्याबरोबर एक बैठक बसावं. आमच्या ज्येष्ठ बाई अजून येतात; येत्या साविनला त्यांनी ग्रेस व्हायचं मान्य केलंय.