किचनचा डिजिटल वजनकाटा, चार महिने वापरून

डॉक्टरांनी दिवसाला १४०० कॅलरी सांगितल्यावर रत्नागिरीच्या बाजारातून हा ५ किलोपर्यंतचा काटा आणला आणि खरं सांगते, डाएटमध्ये सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. आमच्याकडे दोन्ही वेळा भात, मला वाटायचं मूठभरच तर तांदूळ घेते, काट्यावर ठेवले तर ९० ग्रॅम, म्हणजे नुसत्या भाताच्याच तीनशेच्या वर कॅलरी! आता ४५ घेते. आणि ओलं खोबरं, बाई गं, १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, आपण आमटीत, भाजीत, घावनाच्या चटणीत सगळीकडे हात सैल सोडून घालतो ना. वाटी ठेवून बटण दाबलं की आकडा शून्य होतो, मग खवतानाच कळतं किती झालं ते. खोबरं सोडलं नाही, सोडणारही नाही, पण २० ग्रॅमवर थांबते.

पहिले पंधरा दिवस संध्याकाळी पाचलाच पोटात कावळे ओरडायचे. मग दुपारचा भात कमी करून कुळथाची पिठी वाढवली, बांगडा तळायच्या ऐवजी तव्यावर चमचाभर तेलात भाजायला लागले, तेव्हा कुठे रात्री आठपर्यंत निभायला लागलं. तेल पण मोजा हं, मोठा एक चमचा म्हणजे १२० कॅलरी.

तक्रार एकच, पावसाळ्यात दमट हवेने सेल गंजले आणि आकडा नाचायला लागला, आता वापरून झालं की सेल काढून ठेवते. मासे मोजताना खाली ताटली ठेवा, नाहीतर वास जात नाही.