क्लाउड ईआरपी, वर्षभराच्या वापरानंतर: किलो आणि नगांचं अजून जमलेलं नाही

आमच्या ईआरपीच्या (स्टॉक, खरेदी आणि बिलिंग एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर) रिन्युअलचं कोटेशन आलं, म्हणून हे लिहायला घेतलं. गेल्या वर्षी आम्ही तीन युजर घेतले होते. यंदा म्हणे किमान पाच घ्यावे लागतील, वर प्रत्येक युजरचा दरही वाढलाय. आमच्याकडे ईआरपीत बसणारी माणसं तीनच: स्टोअरचे मामा, बिलिंगचा मुलगा आणि मी. दोन रिकाम्या लॉगिनचे पैसे कशासाठी भरायचे, असं विचारल्यावर फोनवर उत्तर आलं, "सर, पॉलिसी बदलली आहे." सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या डेमोला बसताना उपयोगी पडेल.

आमचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) बिडाची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतात, आम्ही सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशिनांवर मशिनिंग करून गिऱ्हाइकाला देतो. थोडं स्टीलच्या पिनांचं काम आहे, त्या झिंक प्लेटिंगला (जस्ताचा मुलामा द्यायला) बाहेर जातात. १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) उलाढालीची मर्यादा ५ कोटींवर आली आणि आम्ही तिच्यात बसलो. तेव्हापासून ईआरपीवाल्यांचे फोन सुरू झाले. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: नुसत्या ई-इन्व्हॉइससाठी ईआरपी घेऊ नका. टॅलीतून आयआरएन (बिलाचा पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड दोन्ही व्यवस्थित निघतात, आमचेही निघत होते. ईआरपी घेतलं ते स्टॉकसाठी. माल फौंड्रीतून किती आला, मशीनवर किती आहे, बाहेर किती आहे, हे एका जागी दिसावं म्हणून.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं.

फौंड्री बिल किलोवर करते. आम्ही मोजतो नगांवर, गिऱ्हाइकालाही नगांवरच बिल जातं. आयटम मास्टरमध्ये (सगळ्या भागांच्या मूळ यादीत) एका ब्रॅकेटचं वजन ४.२ किलो टाकलेलं आहे. कास्टिंगचं वजन मात्र कधीच एकसारखं नसतं. पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) झिजला, साचा थोडा हलला, की लॉटमागे फरक पडतो. एका लॉटला ५०० नग आले, काट्यावर भरले २,१३५ किलो. सॉफ्टवेअरने २,१३५ ला ४.२ ने भागलं आणि स्टॉकला ५०८.३३ नग चढवले. रॅकमध्ये ५०० आणि स्क्रीनवर ५०८.३३. पुढच्या लॉटचं वजन कमी भरलं की उलटं होतं: माल समोर पडलेला असतो आणि सिस्टिम "स्टॉक अपुरा" म्हणून मटेरियल इश्यू (स्टोअरमधून मशीनवर माल देणं) अडवते. मशीन थांबतं, ऑपरेटर उभा राहतो, आणि मामा मला फोन करतात, "मालक, माल हाय की हो हितं, ह्ये घेत का न्हाई?"

पिनांचंही तेच. मोजून पाठवायच्या आणि प्लेटिंगवाल्याचं चलन (मालासोबतचा कागद) किलोत परत यायचं, कारण त्याचा दरच किलोवर. पिना सगळ्या परत आल्या तरी चलन पूर्ण बंद होत नाही, काही नग त्याच्याकडे शिल्लक दिसत राहतात.

हा प्रश्न काही आमच्या एकट्याचा नाही. कोल्हापूर पट्ट्यात फौंड्री आणि मशीन शॉप यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आलाय. मोठ्या ईआरपींमध्ये एकाच आयटमचे किलो आणि नग दोन्ही स्वतंत्रपणे सांभाळायची सोय असते. लहान कारखान्याला विकताना तेवढीच गाळतात आणि वर मोबाइल ॲप, डॅशबोर्ड, रंगीत ग्राफ दाखवतात. मला ग्राफ नको होता. मला इनवर्डच्या (आलेल्या मालाच्या) एन्ट्रीत किलो आणि नग असे दोन रकाने हवे होते.

सपोर्टला तिकीट टाकलं. "मास्टरमध्ये सरासरी वजन बदला," असं उत्तर देऊन तिकीट बंद. परत उघडलं, परत बंद. शेवटी एक नवीन मुलगी फोनवर आली, तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं की ज्या वजनाने भागतात तो आकडा प्रत्येक एन्ट्रीला बदलता येतो, फक्त ते फील्ड आमच्याकडे लॉक आहे. उघडून दिलं. आता २,१३५ भागिले ५००, म्हणजे ४.२७ टाकलं की बरोबर ५०० नग चढतात. पण ते उघडलं फक्त ॲडमिन लॉगिनला, आणि ॲडमिन मी एकटा. मी पुण्याला गिऱ्हाइकाकडे गेलो की फौंड्रीची गाडी खाली होते, पण इनवर्ड संध्याकाळपर्यंत अडकून राहतं. स्टोअरच्या लॉगिनला ते फील्ड द्यायचं तर "कस्टमायझेशन चार्ज" लागेल म्हणतात. एका परवानगीची खूण करायचे वेगळे पैसे!

एवढं सगळं लिहूनही सॉफ्टवेअर टाकून द्यावं असं आज मला वाटत नाही. सहा महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर लगेच टाका म्हटलं असतं. मत बदललं ते प्रलंबित चलनांच्या यादीमुळे. जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात, म्हणजे कर आणि व्याज दोन्ही आलं. आमची उलाढाल ५ कोटींच्या वर असल्याने आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म) दर सहामाहीला भरावा लागतो. पूर्वी त्यासाठी चलनबुकं काढून मामा आणि बिलिंगचा मुलगा रात्री बसायचे. या वेळी यादी काढली, तर प्लेटिंगवाल्याकडची दोन चलनं नऊ महिन्यांहून जुनी निघाली. माणूस पाठवला. पिनांची पोती त्याच्याच शेडमध्ये, दुसऱ्याच्या मालामागे पडलेली. त्या मालाची किंमत वर्षाच्या लायसन्सपेक्षा जास्त होती. हे वहीत सापडलं नसतं.

बाकीचं थोडक्यात. बिलिंग चांगलं. नेट गेलं की सगळं ठप्प, म्हणून दुसऱ्या कंपनीचं डोंगल ठेवावं लागतं. रिपोर्ट एक्सेलमध्ये निघतात. आयटम मास्टर स्वच्छ करायला वेळ द्या, एकच पार्ट तीन नावांनी असेल तर पुढे काहीच जुळत नाही.

आता रिन्युअल. दोन वर्षांचे एकदम भरले तर सूट देतो म्हणाले; घेतली नाही. तीन युजर जुन्या दराने आणि स्टोअरच्या लॉगिनला ते फील्ड, हे दोन्ही ईमेलवर लेखी मागितलंय. दरम्यान आयटम मास्टर, पार्टी लेजर आणि स्टॉक लेजर एक्सेलमध्ये उतरवून घेतले आहेत. पाच युजरवरच अडून बसले तर स्टॉक एक्सेलवर आणि बिलं टॅलीत, पण रिकाम्या खुर्च्यांचे पैसे मी भरणार नाही.